मेयोच्या शेतातली निरगाठ

परत आल्यापासून गावातली प्रत्येक बाई एकच विचारते, "काय पाहिलंस गं तिकडं?" मी म्हणते, "हिरवं आहे सगळं. थंडी फार." तेवढ्यावर त्या दुसऱ्या विषयाकडं वळतात आणि मलाही सुटल्यासारखं होतं. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. पहिल्यापासून असंच आहे. पण बोलता येत नाही म्हणजे म्हणायचं काही नसतं असं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, लिहिता येतं. म्हणून लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

मी गेले होते ते माझ्या मुलीच्या, वृषालीच्या लग्नाला. २०१७ चा मे महिना होता. इकडं तासगावात टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावलेल्या, आणि तिकडं पाणी आकाशातून कंटाळा येईपर्यंत पडत होतं. वृषाली डॉक्टर आहे. मिरजेला शिकली, आणि आता आयर्लंडमध्ये मेयो म्हणून जिल्हा आहे, तिथल्या कासलबार गावच्या मोठ्या दवाखान्यात काम करते. मुलगा तिथलाच, डोनल. शाळेत शिकवतो.

लग्न कसं करायचं हे तिनं मला फोनवर सांगितलं होतं.

"आई, सरकारी नोंदणी आम्ही कचेरीत करून टाकू. पण खरं लग्न शेतात करायचं. हातबांधणीचं."

"म्हणजे गं काय?"

"दोघांनी हातात हात द्यायचा. वरून दोर गुंडाळायचा. मग एकमेकांना वचन द्यायचं. इकडची फार जुनी रीत आहे म्हणतात. मधे विसरले होते, आता परत करतात."

"आणि कन्यादान?"

"मी काय शेरडू आहे का दान द्यायला?" ती हसली. मग म्हणाली, "दोर दोघांच्या आयांनी बांधायचा असतो. तुला बांधायचाय."

वृषालीचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून मी कुणाच्या लग्नात पुढं झालेली नाही. आमच्याकडं विधवेनं हळद लावायची नाही, ओटी भरायची नाही, मुलीला मांडवात आणायचं नाही. कन्यादान जोडप्यानं करायचं. मुलगी स्वतःची असली तरी. सगळ्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळं कुणी तोंडानं सांगत नाही. बाई आपणच मागं सरकते. मीही सरकत आले.

"ऐकतेयस ना आई?"

"हो," मी म्हणाले. आणि त्या दिवशी संध्याकाळी ट्रंकेतून माझा लग्नातला शालू बाहेर काढला.

टॅला

आधी डब्लिनला उतरले. माझे धाकटे दीर श्रीधर तिथं टॅला नावाच्या भागात राहतात. मोठ्या कंपनीत संगणकाचं काम करतात. वृषाली पहिल्यांदा त्या देशात आली तेव्हा त्यांच्याच घरी राहिली होती, हे विसरून चालणार नाही आणि मी विसरतही नाही.

तिथली घरं एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी. मी बाहेर जरा फिरून आले, तर परत कोणतं घर आपलं ते कळेना. शेवटी एका खिडकीत तुळशीची कुंडी दिसली म्हणून बेल वाजवली. मंजिरीनं, म्हणजे माझ्या जावेनं, दार उघडलं आणि हसून लोळली. "अहो वहिनी, आमचंसुद्धा पहिल्या वर्षी असंच व्हायचं. मी तर एकदा शेजारच्या घरात जाऊन चपला काढल्या होत्या!"

मंजिरी वाईट बाई नाही, हे मला आधीच लिहायला हवं. माझे पाय गार पडले होते ते तिनं स्वतः मांडीवर घेऊन चोळले. लोकरीचे मोजे दिले, आतून घालायचे गरम कपडे दिले. सकाळी कांदेपोहे केले, त्यावर ओलं खोबरंसुद्धा होतं, कुठून आणलं देव जाणे. त्यांची मुलगी ईशा शेजारी बसून खात होती. तिच्याशी मराठीत बोललं की तिला सगळं कळतं, उत्तर मात्र तिकडच्या हेलातल्या इंग्रजीत देते. मी बेदाण्यांची पिशवी दिली तर म्हणाली, "ग्रँड!" तिथं सगळंच ग्रँड असतं. चहा ग्रँड, पाऊस थांबला तर ग्रँड, नाही थांबला तरी ग्रँड.

पोहे संपता संपता मंजिरी म्हणाली, "वहिनी, तुम्ही कसलंही टेन्शन घेऊ नका. दोर तुम्ही करणार आहात ना? तो तुमच्याच हातून द्यायचा. बांधायचं आम्ही दोघं बघतो."

मी ताटलीतलं उरलेलं खोबरं बोटानं गोळा केलं.

"डब्लिनची आपली बरीच मंडळी येणार आहेत," ती पुढं म्हणाली. "गोरे लोक काय, त्यांना काही कळत नाही. पण आपल्या लोकांच्या डोळ्यांत येतं. शुभकार्य आहे. जोडप्यानं बांधलेलं बरं, नाही का हो?"

हे श्रीधरभावजींना होतं. ते म्हणाले, "दादा असता तर प्रश्नच नव्हता."

मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. उठून ताटली धुतली.

कासलबार

डब्लिनपासून कासलबारपर्यंत आख्खा देश आडवा ओलांडावा लागतो, तरी अर्ध्या दिवसात संपतो. डोनल गाडी चालवत होता. उंच, तांबूस केसांचा, कानाच्या पाळ्या सदा लाल. मला "आई" म्हणायचं त्याला वृषालीनं शिकवलंय, पण तो ते इतकं लांबवतो की कुणीतरी लांबून हाक मारतंय असं वाटतं. वाटेत शेतांना बांध नाहीत, दगडांच्या भिंती आहेत. नुसता दगडावर दगड, मधे माती नाही की चुना नाही. फटींतून पलीकडचं दिसतं. मी विचारलं, पडत नाहीत का? डोनल म्हणाला, वारा अडवला तर पडतील, तो जाऊ देतात म्हणून उभ्या आहेत. मेंढरांच्या पाठीवर निळे, लाल रंगाचे पट्टे. मला आमच्या बेंदराच्या बैलांची आठवण आली. मी म्हटलं, आज सण आहे का यांचा? वृषाली म्हणाली, "नाही गं, कुठलं मेंढरू कुणाचं ते कळायला."

लग्न डोनलच्या आईच्या शेतात होतं, गावापासून थोडं बाहेर, एका तळ्याच्या काठी. तिथून एक टोकदार डोंगर दिसतो. लोक त्यावर अनवाणी चढतात म्हणे, देवासाठी. हे ऐकल्यावर मला ती माणसं जरा ओळखीची वाटायला लागली.

डोनलच्या आईचं नाव ब्रीड. माझ्याहून थोडी मोठी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हात माझ्यासारखेच खरबरीत. तिनं मला मिठी मारली नाही. हात पुसला, माझा हात धरला, आणि चहा ओतला. चहा आपल्यासारखाच, काळाकुट्ट होईपर्यंत उकळलेला आणि वर दूध. मी तिला बेदाणे दिले. तिनं एक तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि तिथल्या तिथं पिठात मूठभर घालून पाव भाजायला ठेवला. सोडा घातलेला तो पाव, गरम, वर बोटभर खारं लोणी. तासगावात मी कामाला जाते त्या शेडवरचे बेदाणे असे त्या पावात बसलेले पाहून मला फार बरं वाटलं.

बोलणं सगळं वृषालीमार्फत. तिला कंटाळा आला की आम्ही दोघी नुसत्या खुणांनी बोलायचो, आणि ते जास्त सोपं जायचं.

दोर करायचा होता तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तीन पदरांचा. एक पदर आमचा, एक त्यांचा, एक मुलांचा. मी शालू काढला. हिरवा, जरीचा काठ अजून काळा न पडलेला. सोळा वर्षांची असताना अंगावर घेतला होता. नंतर कधी नेसायचा योग आला नाही, आणि मग नेसायचा प्रश्नच उरला नाही. मी कात्री मागितली.

"आई, नको," वृषाली म्हणाली. "माझ्यासाठी नको कापू. दुसरं काहीतरी घेऊ."

"ट्रंकेत ठेवून काय त्याचं लोणचं घालू?" मी म्हणाले आणि काठ कापत गेले.

ब्रीडनं ते बघितलं. आत गेली आणि एक करड्या रंगाचा जाड स्वेटर घेऊन आली. तिच्या नवऱ्याचा. तोही वारलेला, बरीच वर्षं झाली. बाहीच्या टोकाला सुई घातली, एक टाका मोकळा केला आणि ओढायला लागली. लोकर वाकडी-वाकडी होऊन बाहेर येत होती आणि स्वेटरची बाही तोकडी होत होती. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता आपापलं काम करत होतो. तिसरा पदर म्हणून वृषालीनं सुती दोरा आणला होता. तो मी हळदीत बुडवला. ब्रीडचं पांढरंशुभ्र सिंक पिवळं झालं ते झालंच. मी घासायला लागले तर तिनं माझा हात धरला. "ग्रँड," ती म्हणाली.

मग आम्ही तिपेडी वेणी घातली, लहानपणी वृषालीची घालायचे तशी. एका टोकाला ब्रीड धरून, दुसऱ्या टोकाला मी.

काटेरी झाड

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक घोळ केला.

शेताच्या कडेला एकटंच एक काटेरी झाड होतं. बोरीसारखे काटे, आणि सगळं झाड पांढऱ्या बारीक फुलांनी भरून गेलेलं. लग्नघर आहे, घरात फूल नको का, म्हणून मी एक डहाळी मोडून आणली आणि पेल्यात पाणी घालून टेबलावर ठेवली. ब्रीड गोठ्यातून आली, तिनं ते पाहिलं आणि अशी ओरडली की हातातली बादली पडली. पेल्यासकट डहाळी उचलली आणि दाराबाहेर भिरकावली. पेला फुटला.

वृषाली धावत आली. दोघींचं भराभर बोलणं झालं. ब्रीडचा चेहरा लाल झाला होता.

"आई, ती माफी मागतेय," वृषाली म्हणाली. "त्या झाडाची फुलं घरात आणायची नसतात. घरातली आई मरते म्हणतात. झाड तोडत पण नाहीत, नांगर वळवून नेतात. ती म्हणते, माझा विश्वास नाही या सगळ्यावर. पण फुलं बाहेरच बरी."

हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडंही असंच म्हणतात, विश्वास नाही पण नकोच. ब्रीडही हसली. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं असं कुठलं झाड आहे, जे घरात चालत नाही?

मी म्हणाले, "आमच्याकडं झाड नसतं. बाई असते. मी."

वृषालीनं ते इंग्रजीत केलं नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली. ब्रीड एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

"सांग तिला," मी म्हणाले.

मग वृषालीनं सांगितलं. हळू, पुष्कळ वेळ. काकू दोर बांधणार म्हणतेय, तेही सांगितलं. तिला हे कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही, पण तिला ठाऊक होतं. ब्रीडनं सगळं ऐकून घेतलं, फुटलेल्या पेल्याच्या काचा गोळा केल्या, आणि म्हणाली, "मग मी कुठं उभी राहू? गोठ्यात?"

नंतर तिनं स्वतःचंही सांगितलं. डोनलचा काका लग्नाला येणार नाही. चर्च नाही, पाद्री नाही, तर हे लग्नच नाही म्हणतो. गावात पण कुजबुज आहे. ब्रीडनं त्याला निरोप पाठवलाय, येऊ नकोस, तुझी खुर्ची मी भिंतीशी उलटी ठेवीन. आणि खरंच, घरातली एक खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवलेली होती. मला वाटलं होतं मोडकी असेल.

आदला दिवस

दुपारी तालीम होती. विधी सांगणारी बाई, नोरा, आली. पांढरे केस, आवाज मऊ. आमच्याकडं भटजी विधी करतात आणि आपण हात जोडून बसतो. इथं नोरानं सगळ्यांकडून करून घेतलं, कवायतीसारखं. दोघांनी उजवा हात उजव्या हातात द्यायचा. ब्रीडनं दोराचा वेढा द्यायचा. मग मी दोन्ही टोकं खालून घेऊन वर सैल अडकवायची, गाठ मारायची नाही. शेवटी दोघं टोकं धरून हात बाहेर ओढतात तेव्हा दोराला आपोआप गाठ बसते. ती गाठ मग जन्मभर जपून ठेवायची. सुताच्या दोरीनं मी करून पाहिलं. जमलं.

तेवढ्यात श्रीधरभावजी आणि मंजिरी डब्लिनहून पोचले. मंजिरीनं नोराला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत गोड आवाजात काही सांगायला लागली. मला इंग्रजी कळत नाही. पण एक शब्द कळतो, कारण वृषाली सगळ्यांना माझी ओळख करून देताना तोच वापरते. शाय. लाजाळू. मंजिरी माझ्याकडं हात करून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि नोरा मान डोलवत होती.

वृषालीचे ओठ आवळले. ती निघाली तशी मी तिचा दंड धरला. "थांब. मी बोलते."

बोलते म्हणाले खरं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. मी चालत गेले. मंजिरी वळली.

"काय झालं वहिनी? मी यांना सांगत होते की तुम्हाला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होतं—"

"मंजिरी, मी लाजाळू आहे," मी म्हणाले. "अपशकुनी नाही."

माझा आवाज घोगरा आला. लग्नघरातल्या कुणालाही ऐकू जाईल इतका मोठा पण आला.

"अहो, मी असं म्हटलं का कधी?"

"म्हणावं लागत नाही गं. तेच तर."

भावजी मधे आले. "वहिनी, तिच्या मनात तसं नाहीये. रीत म्हणून—"

"भावजी, तुमच्या लग्नात तुमची आई कुठं होती, आठवतंय?"

मीच सांगून टाकलं.

"कोठीच्या खोलीत. सासूबाई आणि मी. लाडू पिशव्यांत भरत होतो. अक्षता पडल्या त्या आम्हाला वाजंत्र्यांवरून कळल्या. तुम्ही जोडीनं आत आलात पाया पडायला तेव्हा त्यांनी पटकन पदर डोक्यावर ओढून तोंड फिरवलं, तुमच्यावर सावली नको म्हणून. स्वतःच्या लेकावर."

भावजी तळ्याकडं बघायला लागले. मंजिरीचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते मला कळलं नाही. ती म्हणाली, "तुमची मर्जी. मी आपलं पोरीच्या भल्यासाठी म्हणत होते."

"पोरीचं भलं मला पण हवंय," मी म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

लग्न

सकाळपासून भुरभुर पाऊस. त्याला तिथं पाऊस म्हणत नाहीत. ब्रीड म्हणाली, मऊ दिवस आहे.

चुडा मंजिरीनं भरला. तो वृषालीनंच तिला भरायला सांगितला, आणि मलाही ते आवडलं. मी इथून नेलेल्या हिरव्या बांगड्या. मंजिरीनं साबण लावून एकेक चढवली. एकही फुटली नाही. आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही, पण शेवटची बांगडी चढल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली.

मी पिवळी साडी नेसले. ती मी कुणाला न सांगता तासगावातूनच घेऊन गेले होते.

त्या काटेरी झाडाजवळ सगळे गोल उभे राहिले. एका बाजूला शेजारपाजारचे शेतकरी, डोनलच्या शाळेतले लोक. दुसऱ्या बाजूला डब्लिनची आपली मंडळी, भरजरी साड्यांवर रेनकोट. वृषाली लाल शालूत, पायांत ब्रीडचे रबरी बूट, कारण चिखल होता. डोनलनं फेटा घातला होता. तो भावजींनी बांधला होता आणि डाव्या कानावर उतरत होता.

नोरानं सांगितलं तसं दोघांनी उजव्या हातात उजवा हात दिला. ब्रीडनं दोराचा वेढा दिला. मग तिनं दोन्ही टोकं माझ्याकडं दिली.

मी पुढं झाले. आपल्या लोकांमध्ये चुळबुळ झालेली मला कळली. तिकडं बघितलं नाही. टोकं खालून घेतली. तेवढ्यात मंजिरी माझ्या उजवीकडून सरसावली, हात पुढं करून, हळूच म्हणाली, "द्या वहिनी, मी धरते एक टोक. दोघींचा हात लागू दे."

तिला कदाचित समेटच करायचा असेल. आता मला तसं वाटतं. पण तेव्हा मला फक्त तो पुढं आलेला हात दिसला. मी टोकं माझ्याकडं ओढून घेतली आणि गाठ मारली. सैल अडकवायचं, हात ओढल्यावर गाठ बसते, ते सगळं डोक्यातून गेलं. बेदाण्याच्या पोत्याचं तोंड बांधते तशी बांधली. निरगाठ. आणि तिच्यावर आणखी एक.

नोराच्या भुवया वर गेल्या. पण तिनं विधी थांबवला नाही. दोघांनी एकमेकांना वचनं दिली. डोनल इंग्रजीत बोलला, मग थोडं त्यांच्या जुन्या भाषेत, मग मराठीत, "मी तुझ्या बाजूनं उभा राहीन." उच्चार असा होता की अर्धे हसले आणि अर्धे रडले. वृषालीनं मराठीत वचन दिलं. माझ्याकडं बघून दिलं.

मग नोरा म्हणाली, आता हात बाहेर ओढा.

हात निघेनात. पावसानं लोकर आवळली होती, बांगड्यांच्या मधे दोर अडकला होता, आणि वरून माझी गाठ. डोनलनं ओढलं. वृषाली ओरडली, "आऊ! अरे हात आहे तो माझा!" लोक हसायला लागले. डोनलचा एक मित्र म्हणाला, सासूनं कुलूप घातलं आणि किल्ली गिळली. ते वृषालीनं मला नंतर सांगितलं.

आपल्या बाजूनं एक बाई दुसरीला म्हणाली, हळू पण ऐकू जाईल असं, "तरी म्हणतात ना, विधवेचा हात..."

भावजी म्हणाले, "कात्री आणा कुणीतरी."

"कापायचं नाही!" हे मी ओरडले. इतक्या लोकांसमोर. "घट्ट बसलीय. गाठ घट्ट बसली तर वाईट काय झालं? सुटली असती तर बोलायचं. मी बांधलीय, मी बघेन. आधी जेवून घ्या."

वृषालीनं ते इंग्रजीत सांगितलं. टाळी सगळ्यात आधी ब्रीडनं वाजवली.

मग ते दोघं तसेच जेवायला बसले, उजवे हात बांधलेले. गोठा झाडून तिथं टेबलं मांडली होती. उकडलेले बटाटे, मासे, आणि आपल्या मंडळींनी आणलेला मसालेभात आणि जिलेबी. आपल्याकडं नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात. यांना भरवता येईना, म्हणून एका बाजूनं ब्रीड आणि एका बाजूनं मी भरवत बसलो. ब्रीडनं डोनलला मसालेभात भरवला, त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी. मी वृषालीला बटाटा भरवला, तीन वर्षांची असल्यासारखी. लोक फोटो काढत होते. त्यात मी आहे, मधोमध. वृषालीचे वडील गेल्यापासूनच्या कुठल्याही लग्नाच्या फोटोत मी नाही.

"नाव घे, नाव घे!" मंजिरी ओरडली. तिला गप्प बसणं जमत नाही, आणि त्या क्षणी मला ते बरं वाटलं. वृषालीनं खाकरून सुरू केलं:

"हिरव्यागार कुरणात मेंढरांची रांग,
डोनलरावांचं नाव घेते, गाठ सुटते का सांग!"

"नाही सुटत!" आपल्या बाजूचे सगळे. न कळता त्यांच्या बाजूचेही.

जेवण झाल्यावर ब्रीड आतून लोण्याचं भांडं घेऊन आली. तिनं मनगटापासून बोटांपर्यंत दोघांच्या हातांना लोणी चोपडलं. मी वृषालीचा अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली आणि चेपत गेले, कासार बांगडी काढताना चेपतो तसं. कासाराकडं कितीदा बसले होते मी, एके काळी. एक बांगडी फुटली. वृषालीचा हात निघाला. मग डोनलचा. दोर तसाच, वेढ्यासकट, गाठीसकट माझ्या हातात राहिला. लोण्यानं माखलेला, हळदीनं पिवळा.

ब्रीडनं तो घेतला आणि स्वयंपाकघरात भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. मग ती भिंतीकडं तोंड करून ठेवलेली खुर्ची ओढली, सरळ केली आणि मला बसायला दिली.

निघताना गाडीत मंजिरी म्हणाली, "सगळं कसं छान झालं वहिनी. फक्त ती गाठ तेवढी..."

"काय झालं गाठीला?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि माझ्या पायांवर शाल टाकली.

परवा शेजारच्या सुमनकडची हळद आहे. तिच्या मुलीची. निरोप आलाय, "लवकर या, कोठीच्या खोलीत लाडू भरायला तुमच्याशिवाय कुणी नाही." मी जाणार आहे. लाडूही भरीन, माझ्याइतके चांगले कुणी बांधत नाही. पण हळद लागायची वेळ झाली की हात धुऊन बाहेर येईन, पिवळी साडी नेसून, आणि पहिल्या रांगेत बसेन. बोलणार काही नाही. नुसती बसेन.

बघू मला कोण उठवतं ते.